बोझेन्त्सी : आजीचं घर राखणारं गाव

गटाच्या बैठकीत जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा विषय हमखास निघतो. कर्ज किती, हप्ता किती, हे आपण बोलतो. पण जुन्या घरात राखण्यासारखं काही आहे का, हे विचारायचं राहून जातं. म्हणून आज एका दूरच्या गावाची गोष्ट सांगते.

युरोपात बल्गेरिया नावाचा देश आहे. तिथे गाब्रोवो शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर, डोंगरात बोझेन्त्सी हे गाव आहे. 1393 मध्ये तुर्कांनी तिर्नोवो ही राजधानी जिंकली. तेव्हा बोझाना नावाची एक बाई मुलांना घेऊन रानात आली आणि तिच्यावरून गावाला नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. ही दंतकथा आहे, पण गावाची मूळपुरुष म्हणून नाव एका बाईचं घेतलं जातं, हे मला आवडलं.

तिथली घरं बघा. खालचा मजला दगडी. तिथे गुरं, सामानसुमान, नाहीतर दुकान. राहायचं वरच्या मजल्यावर. तो लाकडाचा, भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या. छपरावर कौलं नाहीत, तर दगडाच्या चपट्या फरश्या एकीवर एक रचलेल्या. वळचण चांगली पुढे काढलेली, म्हणजे पाऊस आणि बर्फ भिंतीवर येत नाही. दगड आणि लाकूड जवळपासचंच. शोभेआधी सोय पाहिलेली.

लोकर, कातडी, मध आणि मेण यांच्या व्यापारावर गाव भरभराटीला आलं. 1878 मध्ये देश तुर्की सत्तेतून सुटला, पण जुन्या बाजारपेठा तुटल्या. माणसं शहरात गेली, घरं ओस पडू लागली. पुढे 1964 मध्ये सरकारने अख्खं गावच संरक्षित ठरवलं. आता तिथे मनाला येईल तसं बांधकाम करता येत नाही.

आज पाहुणे दगडी वाटांवरून पायीच फिरतात. काही घरांत त्यांच्या मुक्कामाची सोय आहे. दोन घरं मात्र बघायलाच हवीत. एक दोंचो पोपा या लोकर-मेणाच्या बड्या व्यापाऱ्याचं. दुसरं 'बाबा रायना'चं. बल्गेरियन भाषेत बाबा म्हणजे आजी! हे गावातल्या सगळ्यांत जुन्या घरांपैकी एक, लहानसं आणि साधं. एका घरात पैसा कसा आला ते कळतं. दुसऱ्यात चुलीभोवती दिवस कसा जायचा ते कळतं. व्यापाऱ्याचं घर कुणीही राखेल. त्या गावाने आजीचंही राखलं.

मैत्रिणींनो, गळकं, धोक्याचं घर पाडावंच लागतं. त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण पाडण्याआधी घरातल्या म्हातारीला समोर बसवा. हा कोनाडा कशासाठी, ही खुंटी कुणी ठोकली, जातं इथेच का मांडलं, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. घर पडलं तरी वही राहील.