पदवीनंतरची पायरी : आपल्या क्षेत्रातील खरे व्यावसायिक व्हा

आज आपल्या समाजात घरोघरी पदवीधर दिसू लागले आहेत. ज्या घरात एकेकाळी पत्र वाचून घ्यायला शेजारच्या गावी जावे लागत होते, त्या घरातील मुलगी आज परिचारिका आहे, मुलगा अभियंता आहे, सून शिक्षिका आहे. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु पदवी मिळाली म्हणजे सर्व काही झाले काय? पदवी हा प्रवेशाचा दाखला आहे. आत गेल्यावर आपण काय करतो, त्यावर आपली किंमत ठरते.

आपल्याकडे ‘धंदेवाईक’ आणि ‘व्यावसायिक’ या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. धंदेवाईक माणूस पैशापुरते काम करतो. खरा व्यावसायिक पैसा घेतो, पण काम मात्र कामाच्या नियमाने करतो. कोणी पाहत असो वा नसो, त्याच्या हातून उतरलेल्या कामाचा दर्जा घसरत नाही. तो शिपाई असो, वायरमन असो की सर्जन असो, ही कसोटी सर्वांना एकच आहे.

माझ्या नोकरीतला एक अनुभव सांगतो. एका कार्यालयाच्या लेखा शाखेत मी नवीनच कारकून होतो. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या विधवा पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. सेवापुस्तकात एका नोंदीवर सही नव्हती. मी त्रुटी काढून प्रकरण परत पाठवले. दोन महिन्यांनी ते आले, तेव्हा वारसाच्या नावातील फरक माझ्या ध्यानात आला. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला ती बाई स्वतःच आली आणि काही न बोलता दाराशी उभी राहिली. आमच्या जुन्या हेडक्लार्कनी मला जवळ बोलावले व म्हणाले, “नियमाने तू चुकला नाहीस. पण फाईल पहिल्याच दिवशी शेवटच्या पानापर्यंत वाचली असतीस, तर सगळ्या त्रुटी एकदम कळवता आल्या असत्या. तुझ्या अर्ध्या वाचनाचे सहा महिने या बाईने उपाशी काढले.” त्या दिवशी मला नोकरी करणे आणि काम जाणणे यांतला फरक समजला.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी एका वेगळ्या बाजूने अभ्यासावे. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी पहिल्या वेळी मान्य केला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्‌सी. पदवी मिळाली. पुढे १९२५ साली नेमलेल्या हिल्टन यंग चलन आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, ती चलनशास्त्राचे जाणकार म्हणून. २९ ऑगस्ट १९४७ रोजी ते मसुदा समितीवर आले. समितीत सात सभासद होते, पण राजीनामा, मृत्यू, प्रकृती व इतर कामे यांमुळे मुख्य भार बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कलमामागून कलम घेऊन त्यांना उत्तरे देण्यास नुसती भावना पुरली नसती. तेथे कायद्यावरील प्रभुत्वच लागत होते.

येथे कोणी विचारील, “हुशारीने जातीचा अपमान टळतो काय?” टळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परदेशी विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहण्यास जागा मिळाली नाही. नैपुण्य म्हणजे न्याय नव्हे. परंतु न्याय मागण्यासाठी जे साधन हातात असावे लागते, ते नैपुण्यातून मिळते. बडोदे सोडावे लागले तरी विद्या बरोबरच आली. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि साठवलेल्या पैशांतून व शाहू महाराजांच्या साहाय्याने अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले.

खऱ्या व्यावसायिकतेचे फायदे थोडक्यात असे आहेत :

१) पोटाची खात्री : आज कायम नोकऱ्या कमी व कंत्राटी कामे जास्त आहेत. नोकरी जाऊ शकते, हातातली कला कोणी काढून घेऊ शकत नाही.

२) शब्दाला वजन : ज्याचे काम बिनचूक असते, त्याची तक्रारही गांभीर्याने ऐकली जाते. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याची फाईल प्रथम स्वच्छ असावी लागते.

३) मनाची शांती : काम नीट केल्याचे समाधान वरिष्ठांच्या शाबासकीवर अवलंबून राहत नाही. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका म्हणजे कोणाचे अहित न करता उपजीविका करणे. अर्धवट कामानेही दुसऱ्याचे अहित होते, हे विसरू नये.

४) मागून येणाऱ्यांना वाट : एक चांगला डॉक्टर, एक चांगला गवंडी दहा मुलांना हात धरून शिकवू शकतो.

यासाठी काय करावे? आपल्या विषयातील मूळ नियम व ग्रंथ स्वतः वाचावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये. वेळ पाळावी. चूक झाली तर लपवू नये, कबूल करून दुरुस्त करावी. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणावे आणि शिकून घ्यावे. दररोज निदान एक तास आपल्या कामाच्या अभ्यासाला द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या टेबलासमोर उद्या कोणीतरी दाराशी उभे असेल. त्याला तुमची पदवी दिसणार नाही, तुमचे काम दिसेल. त्याला तिसरी खेप घालावी लागू नये, एवढी तयारी आजपासून करा.