डब्यात पोळी की पोळीची चिठ्ठी? स्ट्रक्टमधला ॲरे सीकडून पायथनकडे नेताना

मागच्या व्याख्यानात आपण सीमधली लायब्ररी पायथनमधून कशी उघडायची आणि तिच्यातलं साधं फंक्शन कसं बोलवायचं, एवढं पाहिलं. एक पूर्णांक पाठवला, एक परत आला. त्यात बिघडण्यासारखं फारसं नव्हतं. आज जे घेणार आहोत तिथे बिघडतं, आणि बिघडल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पोटात ॲरे असलेला स्ट्रक्ट एका भाषेतून दुसरीत न्यायचा आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. हवामान केंद्राची एका दिवसाची नोंद. तीन खाने. पहिला, केंद्राचा क्रमांक, ४ बाइटांचा पूर्णांक. दुसरा, दर तासाचं तापमान, म्हणजे २४ डबलांचा ॲरे. एक डबल ८ बाइटांचा, तेव्हा झाले १९२ बाइट. तिसरा, किती नोंदी झाल्या ती संख्या, पुन्हा ४ बाइट.

आता पहिला प्रश्न. या स्ट्रक्टच्या पोटात खरोखर २४ तापमानं आहेत, की ती कुठे ठेवली आहेत त्याचा पत्ता आहे? डब्यात पोळी आहे, की ‘पोळी फडताळात ठेवली आहे’ अशी चिठ्ठी? सी शिकताना आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ॲरे फंक्शनला दिला की जातो तो फक्त पहिल्या घटकाचा पत्ता. ते बरोबरच आहे. पण स्ट्रक्टच्या आत हा नियम लागू नाही. तिथे ॲरे म्हणजे सगळीच्या सगळी पोळी.

हे असं का, याची एक छान हकिगत आहे. सीच्या आधीच्या बी या भाषेत ॲरे म्हणजे एका खान्यात ठेवलेला पत्ताच असायचा. डेनिस रिची सी घडवत होते तेव्हा त्यांना युनिक्समधली डिरेक्टरीची नोंद स्ट्रक्टने मांडायची होती: २ बाइटांचा आयनोड क्रमांक आणि १४ अक्षरांचं नाव, एकूण १६ बाइट. डिस्कवर हे १६ बाइट जसेच्या तसे पडलेले. त्यात पत्ता कुठे कोंबणार? तेव्हा त्यांनी ठरवलं की पत्ता साठवायचाच नाही. पदावलीत ॲरेचं नाव आलं की त्या क्षणी पत्ता तयार करायचा. १९९३च्या त्यांच्या लेखात हे सगळं आलं आहे. माझ्या मते सी शिकवताना ही गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगायला हवी, पुढचा पुष्कळ गोंधळ वाचेल.

पायथनच्या सीटाइप्समध्ये तुम्ही खान्यांची यादी देता. तिथे तापमानाच्या खान्यापुढे ‘सी-डबल गुणिले २४’ लिहिलंत, तर पोळी आत आली. पण ‘ॲरे म्हणजे पॉइंटर’ या सवयीने तिथे डबलचा पॉइंटर लिहिलात, तर ६४ बिटी यंत्रावर पायथनच्या मते हा स्ट्रक्ट फक्त २४ बाइटांचा होतो. सीचं फंक्शन बिचारं इमानदारीने २०८ बाइट लिहून मोकळं होतं. उरलेले १८४ बाइट कुणाच्या तरी घरात घुसतात. प्रोग्राम लगेच कोसळला तर नशीब. पुष्कळदा तो दहा मिनिटांनी, भलत्याच ओळीवर कोसळतो.

तुमच्यातल्या काहींनी आत्ताच बेरीज केली असेल. ४ अधिक १९२ अधिक ४ म्हणजे २००. मग मी २०८ कसं म्हणालो? डबलची सुरुवात ८ने भाग जाणाऱ्या जागी व्हावी म्हणून कंपायलर क्रमांकानंतर ४ बाइट रिकामे सोडतो. शेवटीही ४ सोडतो, कारण अशा नोंदी ओळीने मांडल्या तर पुढच्या नोंदीतले डबलही नीट जागी बसायला हवेत. हे झालं पॅडिंग. आणि ते सगळीकडे सारखं नसतं. इंटेलच्या ३२ बिटी लिनक्सवर स्ट्रक्टमधल्या डबलला ४चा भाग पुरतो, तिथे हाच स्ट्रक्ट २०० बाइटांचा होतो.

पायथनमध्येच तीन उत्तरं मिळतात, बघा. सीटाइप्स म्हणतं २०८. स्ट्रक्ट नावाचं मॉड्यूल नेहमीच्या रीतीने वापरलं तर २०४, कारण ते मधलं पॅडिंग धरतं, शेवटचं धरत नाही. नमपायचा साधा डीटाइप म्हणतो २००; त्याला अलाइन करायला सांगितलं की २०८. कुणीही खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाचा नियम वेगळा.

आता समजा सीने २०८ लिहिले आणि आपण २००च्या हिशेबाने वाचले. तापमानं ४ बाइट सरकली. दिवसभर ३१.५ नोंदलं होतं असं धरा. ३१.५चा डबल असा आहे की त्याच्या आठांपैकी खालचे चार बाइट शून्य असतात. सरकून वाचताना तेच शून्य बाइट वरच्या, म्हणजे मोठ्या किमतीच्या जागी येऊन बसतात, आणि आकडा इतका सूक्ष्म होतो की एका दशांशापर्यंत छापला तर ०.० दिसतो. चोवीसच्या चोवीस तास ०.०! बघणारा म्हणतो, सेन्सर बंद असेल. दिवसभर ३१.४ असतं तर? त्याचे खालचे बाइट शून्य नाहीत, त्यामुळे १८६ अंकी तापमान छापून आलं असतं आणि कुणीही ओरडलं असतं. चूक तीच, एकदा बोंब मारते, एकदा गप्प बसते. नोंदींची संख्या कुणी छापली तर मात्र २४च्या जागी १०७ कोटींहून मोठा आकडा दिसेल, कारण तिथे शेवटच्या तापमानाचा अर्धा भाग वाचला जातोय.

म्हणून तपासायला शून्यांनी भरलेला ॲरे कधी पाठवू नका. १.१, २.१, ३.१ असे वेगवेगळे आकडे भरा. त्याच्याही आधी दोन्हीकडून आकार आणि प्रत्येक खान्याची सुरुवात छापून घ्या. सीकडे साइझऑफ आणि ऑफसेटऑफ आहेत, सीटाइप्समध्ये प्रत्येक खान्याला ऑफसेट विचारता येतो. आपल्या नोंदीला ०, ८, २०० आणि एकूण २०८ यायला हवेत. सी ११पासून स्टॅटिक असर्ट आहे. आकार बदलला तर कंपाइलच होऊ नये अशी ओळ तिथे घालून ठेवा. आणि फंक्शनला अख्खा स्ट्रक्ट देण्यापेक्षा त्याचा पत्ता द्या. अख्खा दिला की तो रजिस्टरमधून जाणार की स्टॅकवरून, हे आकारावर आणि प्लॅटफॉर्मवर ठरतं, त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

एक प्रश्न आलाय: “तापमानं किती असतील हे आधी माहीतच नसेल तर?” मग चिठ्ठीच ठेवावी लागते, म्हणजे पॉइंटर, आणि बाजूला संख्या. पण तिथे वेगळी जबाबदारी येते. ॲरे पायथनने तयार केला असेल आणि सीने पत्ता जपून ठेवला असेल, तर सीचं काम संपेपर्यंत पायथनमध्ये तो ॲरे एखाद्या नावाने धरून ठेवा. नाहीतर पायथन ती जागा मोकळी करतं आणि चिठ्ठी हातात राहते. उलट, जागा सीने मॅलॉकने घेतली असेल तर ती सोडायचं फंक्शनही त्याच लायब्ररीने द्यावं आणि पायथनने तेच बोलवावं. विंडोजवर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमवर चालत असू शकतात. एकाच्या मॅलॉकची जागा दुसऱ्याच्या फ्रीने सोडली की हीप बिघडतो.