समुद्रावर पहारा देणारं बिनवैमानिकाचं विमान

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत सुकी मासळी विकणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "समुद्रावर म्हणे माणसाशिवाय विमानं फिरतात. मग बोटीवर गेलेला आमचा माणूस त्यांना दिसतो का?" त्यांचे मालक आठ-आठ दिवस समुद्रात असतात. म्हणून आम्ही माहिती मिळवली, ती आज तुम्हाला सांगत आहोत.

शेतात फवारणी करणारा ड्रोन आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलाय. त्याची बॅटरी काही मिनिटांत संपते. नौदलाचं 'सी गार्डियन' मात्र एकदा उडालं की ३० तासांहून जास्त वर राहू शकतं. त्याचे पंख लांब आणि अरुंद, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २४ मीटर. त्यामुळे कमी इंधनात ते तरंगत राहतं. वैमानिक जमिनीवर पडद्यासमोर बसून उपग्रहामार्फत ते चालवतो. दवाखान्यात नर्सताईंची पाळी बदलते, तशी वैमानिकाची पाळी बदलते. विमान वरच राहतं.

ते बघतं कसं? रडारला रात्री आणि ढगांतूनही समुद्रावरची जहाजं कळतात. मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असतात. रडारवर ठिपका दिसतोय, पण तो नाव सांगत नाही, असं झालं की कॅमेरा तिकडे वळतो.

नौदलानं २०२० मध्ये अशी दोन विमानं भाड्यानं घेतली. ती तामिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडतात. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज नौदलानं सोडवलं. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ४० तास ही कारवाई चालली. युद्धनौकांच्या जोडीला बिनवैमानिकाचं विमानही होतं. १७ खलाशी सुखरूप सुटले. ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाड्याच्या दोनपैकी एक विमान बिघाडामुळे चेन्नईजवळ समुद्रात उतरवावं लागलं. यंत्र म्हटलं की बिघाड आलाच. पुढच्याच महिन्यात भारतानं अशी ३१ विमानं घेण्याचा करार केला. त्यातली १५ नौदलासाठी आहेत.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. समुद्र अफाट आहे आणि विमानं मोजकी. लाकडी किंवा फायबरची लहान होडी रडारवर सहज उमटत नाही, लाटा मोठ्या असतील तर आणखी अवघड. शिवाय विमान फक्त बघू शकतं. बुडत्या माणसाला वर काढायला जहाज किंवा हेलिकॉप्टरच लागतं. म्हणून आपल्या बोटीनं स्वतःचा ठावठिकाणा कळवणं महत्त्वाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून देशभरात एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. मोबाईलची रेंज संपली तरी ते उपग्रहावरून संदेश पाठवतं.

तेव्हा घरी तीन गोष्टी विचारा. बोटीवर ट्रान्सपॉन्डर आहे का आणि ते चालू असतं का? प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का? बोटीचा नोंदणी क्रमांक घरात लिहून ठेवलाय का? बोट वेळेवर परतली नाही, तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ क्रमांक लगेच फिरवा. 'उद्यापर्यंत वाट बघू' म्हणू नका.

त्या ताईंनी बोटीचा क्रमांक आता गटाच्या वहीतही लिहून ठेवलाय. तुमच्या गटातही हे करा आणि आम्हाला कळवा.