उघडपणाची कसोटी : मिर्झापूरचा भांड्यांचा खटला

लखनौच्या आग्नेयेस मिर्झापूर येथे लेथवर पितळी भांडे घट्ट धरण्याच्या युक्तीस 1951 पासून पेटंट होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ते रद्द केले, खंडपीठाने उचलून धरले. ही मतभिन्नता बोलकी आहे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सरकारिया यांनी निकष मांडला : पेटंटच्या तारखेस उपलब्ध ज्ञानाच्या आधारे कुशल कारागिराला ती युक्ती सहज सुचली असती काय? ज्ञात घटकांच्या जुळणीतून नवा परिणाम, अथवा सरस वा स्वस्त वस्तू निष्पन्न व्हावी लागते. शोषक चटईच्या थरांनाही हाच न्याय लागू. प्रभाव व स्वतंत्र प्रतिभा यांची सीमा आखणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने यातील तारखेचा आग्रह विशेष ध्यानी घ्यावा. मिर्झापूरची युक्ती मात्र न्यायालयास कारखान्यातील नित्याची सुधारणाच वाटली आणि पेटंट गेले.