बांधावरचीं लहान पाखरें : त्यांची पाहणी व छायाचित्रण
(लेखक : एक निवृत्त महसुली कारकून)

जमिनीची मोजणी होते, हद्दीच्या खुणा दप्तरांत चढतात आणि गांव नमुना बारांत पीक कोणतें, क्षेत्र किती, पाणी विहिरीचें कीं पाटाचें, हें सारें वर्षानुवर्षें लिहिलें जातें. हीं दप्तरें सांभाळण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि बांधावरच्या बाभळीवर कोणतीं पाखरें राहतात, तीं काय खातात, कोणत्या महिन्यांत येतात व केव्हां निघून जातात, यासाठीं एखादा रकाना आम्हांस कोठेंहि आढळला नाहीं. पिकाच्या नफ्यातोट्याशीं या पाखरांचा रोजचा संबंध येतो. तेव्हां हा रकाना शेतकऱ्यानें स्वतःच आंखावा व स्वतःच भरावा, असें आम्ही या लेखांत सुचविणार आहोंत.

त्याकरितां आज फारसें साहित्य लागत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली, आणि खातेदार आपल्या उभ्या पिकाचें छायाचित्र आपल्याच फोनवर काढूं लागले. जो हात कपाशीचें छायाचित्र काढतो, त्याला कपाशीवर बसलेल्या कोतवालाचें छायाचित्र काढणें अवघड नाहीं. थोडा धीर मात्र अधिक लागतो, कारण कपाशी उडून जात नाहीं.

पाखरूं चोर कीं चाकर?

पाखरूं म्हणजे दाण्याचा चोर, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अगदींच निराधार नाहीं. बाजरी दुधांत आली म्हणजे चिमण्या, मुनिया, सुगरणी व पोपट किती कणसें रिकामीं करतात, हें ज्यानें माळ्यावर बसून गोफण फिरविली आहे त्यास सांगावयास नको. परंतु वर्षाचे महिने बारा, आणि त्यांपैकीं दाणा शेतांत उभा असतो तो थोडे दिवस. उरलेल्या दिवसांत हीं पाखरें काय खातात, हें पाहिल्याशिवाय त्यांचा जमाखर्च पुरा होत नाहीं.

हा जमाखर्च मांडण्याचा प्रयत्न नवा नाहीं. बिहारांतील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय या दोघांनीं पाखरांचीं पोटें तपासून, त्यांत किडे किती व दाणे किती याचा मोठा वृत्तांत १९१२ सालीं प्रसिद्ध केला. असा हिशेब न करतां निर्णय घेतल्यास काय होतें, याचा दाखला चीन देशानें दिला. तेथें १९५८ सालीं चिमणी ही धान्याची वैरीण ठरवून तिचा सरसकट संहार करण्यांत आला. चिमण्या गेल्या आणि टोळांस व इतर किडींस रान मोकळें झालें. शेवटीं १९६० सालीं वैऱ्यांच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेकणाचें नांव घालावें लागलें. चिमणी स्वतः दाणे खाते हें खरें, पण आपल्या पिलांस ती मुख्यतः अळ्या व किडे भरविते, ही गोष्ट तेथील कारभाऱ्यांच्या ध्यानीं वेळेवर आली नाहीं.

घराभोंवतीं कोण कोण दिसतें

पाखरें पाहण्यास अरण्यांत जावें लागतें, ही समजूत चुकीची आहे. गोठा, परसू, विहीर व बांध या चार ठिकाणीं नजर ठेविली तरी वर्षभराचें काम होतें.

कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी गुरांच्या पाठीवर बसून फिरतो. गुरांच्या पायांनीं गवतांतून जे किडे उडतात, ते तो हवेंतच टिपतो. नांगरामागेंहि तो हटकून असतो. त्याच्या घरट्याजवळ कावळा आला तर तो त्यास पिटाळून लावतो, म्हणून इतर गरीब पाखरें त्याच्याच झाडावर घरटें करतात. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, माशी पकडतो, पुन्हा त्याच जागीं येऊन बसतो व तिला तारेवर आपटून मग गिळतो. मधमाश्याहि तो खातो, हें मधाच्या पेट्या ठेवणारांनीं लक्षांत ठेवावें. खाटीक पक्षी बाभळीच्या कांट्याला नाकतोडे टोंचून ठेवतो. परसांत रुंद पानाचें झाड असेल तर शिंपी पक्षी त्याचीं पानें कोळिष्टकानें व कापसाच्या तंतूंनीं शिवून त्यांत घरटें करतो. देह अंगठ्याएवढा, पण ओरडणें सबंध आळीस ऐकूं जातें. उन्हाळ्यांत पहाटे गोड शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी तो दयाळ. पावसाळा सरला कीं पांढरा धोबी उत्तरेकडून येतो आणि शेपटी खालींवर हालवीत पाटाच्या कडेनें हिंडूं लागतो.

हरभऱ्यांत घाटे अळी पडते तेव्हां एकरीं सुमारें २० पक्षीथांबे लावण्याची शिफारस शेतकी खातें करतें, ती या किडे खाणाऱ्या पाखरांवर भरंवसा ठेवूनच. थांब्यावर कोतवाल व साळुंक्या किती वेळां उतरल्या, हें ज्यानें एक सकाळ बसून मोजलें, त्यास ती शिफारस पुन्हा पटवून द्यावी लागत नाहीं.

सुगरणीची बाभूळ

सुगरणीविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांनीं १९३० सालीं अलिबागेजवळ किहीम येथें राहून सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेविली. त्यांस असें दिसलें कीं, घरटें विणणारा तो नर. तो अर्धें घरटें विणून लोंबतें ठेवतो. माद्या येऊन तें पारखतात. एखादीस पसंत पडलें म्हणजे ती तेथें बिऱ्हाड करते, आणि नर तें पुरें करून लगेच दुसरें विणावयास घेतो. शेंकडों वर्षें आपल्या विहिरींवर हीं घरटीं लोंबत आलीं, पण ही गोष्ट कळली ती कोणी तरी रोज बसून पाहिलें तेव्हां.

आमच्या गांवीं एका सामाईक बांधावर विहिरीकडे झुकलेली अशीच एक बाभूळ आहे. एका बाजूच्या खातेदाराची बाजरी सुगरणी खात, म्हणून त्यानें ती तोडण्याचें ठरविलें. दुसऱ्या बाजूच्याचा विरोध होता. दोघेहि आमचे परिचित, आणि बांधाचें भांडण किती पिढ्या पुरतें हें आम्ही कचेरींत पुष्कळ पाहिलेलें. म्हणून आम्हीं दोघांस विनंती केली कीं, एक हंगाम थांबा, आम्ही पंचनामा करतों.

ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत आम्ही आठवड्यांतून दोन सकाळी त्या विहिरीवर बसलों. छायाचित्रांत जें आलें तें दोन्ही पक्षांस थोडें थोडें गैरसोयीचें होतें. नर घरट्यासाठीं पात्या फाडून आणीत त्या गवताच्या तशा बाजरीच्याहि होत्या. श्रावणांत पिलें असतांना माद्यांच्या चोंचींत नाकतोडे व हिरव्या अळ्या स्पष्ट दिसत होत्या. आणि भाद्रपदांत बाजरी दुधांत येतांच तींच पाखरें कणसांवर बसलेलीं टिपलीं गेलीं. म्हणजे फिर्याद खरी होती, पण सबंध वर्षाची नव्हती.

तीं छायाचित्रें तारखेवार मांडून आम्हीं दोघांपुढें ठेविलीं. ठरलें तें असें : बाभूळ राहावी, दाणा दुधांत असतांना राखण दोघांनीं पाळीपाळीनें करावी, आणि पुढील सुगीस पुन्हा बसून विचार करावा. बाजरीवाल्यानें ही गोष्ट मान मोडून मान्य केली, मन मोडून नव्हे. तोटा झाला तर कुऱ्हाड घरांतच आहे, असें त्यानें उठतांना बजावलें. त्याचें म्हणणें आम्हांस गैर वाटलें नाहीं. दाणा त्याचा जातो, आणि पाखरें पाहण्याचें सुख मात्र आमचें, हा व्यवहार एकतर्फी होतां उपयोगी नाहीं.

छायाचित्र कसें घ्यावें

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी केअर्टन हे बंधु रानांतील पाखरांच्या छायाचित्रणाचे आद्य पुरस्कर्ते होत. मेंढ्या पाळणाऱ्या डोंगरी मुलुखांत ते वाढले. पाखरें माणसास भितात पण गुरांस भीत नाहींत, हें जाणून त्यांनीं एक पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरून ते छायाचित्रें घेत. आपल्याकडे बैल जिवंतच उभा आहे. गाडीच्या आडोशास, गोठ्याच्या खिडकींत किंवा थांबलेल्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या शेतकऱ्याची पाखरांस भीति वाटत नाहीं. शहरांतून येणाऱ्या छांदिष्टास हा लाभ मिळत नाहीं.

अनुभवानें ठरलेल्या कांहीं गोष्टी अशा :

१. सूर्य आपल्या पाठीशीं असावा. सकाळचे पहिले दोन तास व दिवस मावळण्यापूर्वींचा एक तास उत्तम. दुपारच्या उन्हांत पिसांचे रंग उडतात.

२. पाखराच्या मागें धांवूं नये. वेडा राघू ज्या तारेवर परत येतो ती तार हेरावी व तेथें आधींच जाऊन बसावें.

३. पसरट मातीचें भांडें दोन बोटें पाणी घालून झुडपाच्या सावलींत ठेवावें व पाणी रोज बदलावें. भांड्यापासून तीन-चार हातांवर फोन तिवईवर बसवून दूरनियंत्रकानें छायाचित्र घ्यावें, म्हणजे साध्या फोनलाहि पाखरूं मोठें दिसतें. आधीं दोन-तीन दिवस तिवई नुसतीच ठेवून पाखरांस तिची संवय करावी.

४. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरचें भिंग लहान पाखरांस पुरेसें होतें. उडतें पाखरूं टिपावयाचें तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद वेग लागतो.

५. पाखराच्या डोळ्यावर नेम धरावा, आणि आपण त्याच्या पातळीस यावें. जमिनीवरच्या चंडोलासाठीं जमिनीवर निजावें. धोतर मळलें तर धुतां येतें.

घरट्याचा मोह

सर्वांत सोपें छायाचित्र घरट्याचें, आणि सर्वांत घातकहि तेंच. आडवी येणारी फांदी बाजूस केली कीं पिलांवर ऊन येतें आणि कावळ्यास वाट सांपडते. आईबाप दूर बसून ओरडत असतील तर आपण फार जवळ आलों आहोंत असें समजावें व मागें सरावें. विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नरास बोलावूं नये, घरट्यावर झगमगता दिवा टाकूं नये, आणि घरट्याची जागा चारचौघांत सांगूं नये. कायद्याचीहि बाजू आहे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत रानपाखरांचीं अंडीं नासणें, अथवा अंडीं वा घरटीं विस्कटणें, हें शिकारीच्या व्याख्येंतच घातलें आहे.

नोंदवही

नुसतें छायाचित्र म्हणजे तारखेवांचून पावती. प्रत्येकासोबत तारीख, वेळ, जागा, पाखराचें नांव, संख्या आणि तें काय करीत होतें, हे सहा रकाने भरावेत. नांव ठाऊक नसेल तर रंग, चोंच व शेपटी यांचें वर्णन लिहावें. जाणकार मागाहून ओळखून देतो. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर पाखरांची मोजणी होते, आणि भारत तींत २०१३ पासून भाग घेत आहे. निदान पंधरा मिनिटें एका जागीं पाहून यादी पाठविली तरी पुरते.

अशा यादींचें वजन किती, हें १९२३ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२३ सालीं, दिसून आलें. त्या सालीं सुमारें ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून देशांतील ९४२ जातींच्या पाखरांचा अहवाल तयार झाला, आणि त्यांपैकीं १७८ जातींकडे तांतडीनें लक्ष द्यावें असें त्यांत सांगितलें. या नोंदी करणारे बहुतेक हौशी लोक आहेत. परंतु बाजरी केव्हां पेरली, औषध केव्हां मारलें, बांध केव्हां जाळला, हें शेतकऱ्याइतकें त्यांच्यापैकीं कोणास ठाऊक असणार? पाखरें कमी कां झालीं याचें उत्तर ज्या वहींतून निघेल, ती वही शेतकऱ्याच्याच घरीं असावयास पाहिजे.

म्हणून शेतकरीबंधूंस आमची विनंती इतकीच कीं, येत्या हंगामांत औतफांटा सोडल्यावर अर्धा तास बांधावर बसावें, एक वही आंखावी आणि एक झाड नेमून घ्यावें. पाखरूं चोर ठरो कीं चाकर, निवाडा पुराव्यावर व्हावा.