मेंदूची झीज आणि मेंदूचे आकुंचन

एमआरआय चित्रात मेंदूचे आकारमान घटलेले दिसले की ‘मेंदू झिजला’ असे आपण सहज म्हणतो. सहाणेवरील खोडाप्रमाणे जे झिजले ते गेले, असा ह्या क्रियापदाचा अर्थ आहे. परंतु चित्रावरून कळते ते आकारमान. ते पेशी मेल्यामुळे घटले, की जिवंत पेशींच्या शाखा आखूड झाल्यामुळे, त्यांवरील मेदाचे आवरण विरळ झाल्यामुळे किंवा पाणी कमी झाल्यामुळे, हे एकट्या चित्रावरून ठरत नाही. पहिल्या प्रकारास झीज म्हणावे. इतरांस आकुंचन म्हणणे युक्त होय, कारण ते कमीअधिक भरून येऊ शकते.

मद्य सोडलेल्या काही जुन्या मद्यपींच्या मेंदूचे आकुंचन अंशतः भरून आल्याचे टोरांटोच्या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखविले. दीर्घ उपासमारीत पोषणानंतर आणि कॉर्टिसॉल वाढविणाऱ्या कुशिंगच्या विकारात उपचारानंतर असाच पालट आढळला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अधिक महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ते कमी होते. शाकाहारात ह्या जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूधदुभते हाच. मातेच्या शरीरातच ते कमी असेल, तर अंगावर पिणाऱ्या मुलास ते पुरत नाही. काही महिन्यांनी मूल मलूल होते, हसेनासे होते. त्याचे हुंकार व बडबडही थांबतात. अशा मुलांचा मेंदू चित्रात आकसलेला दिसतो. ब-१२ दिल्यावर थोड्याच दिवसांत मूल पुन्हा टवटवीत होऊ लागते आणि पुढे मेंदूचे आकारमानही वाढते. तथापि उपचारास विलंब झाल्यास, आकार पूर्ववत् होऊनही भाषा मागे राहू शकते.

वृद्धांच्या बाबतीत हा विलंब ‘साठी बुद्धी नाठी’ ह्या म्हणीमुळे होतो. अल्झायमरच्या रोगात गेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे खरे. परंतु विस्मरण त्या रोगाचेच, हे आधी ठरलेले नसते. म्हणून ब-१२, थायरॉइड, मद्यपान आणि चालू औषधे ह्यांची वैद्याकडून तपासणी झाल्यावाचून ‘झीज’ हा शब्द उच्चारू नये.