जुन्या अर्धस्वयंचलित शॉटगनचा संग्रह : ब्राउनिंग ऑटो-५ च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
नाणी, टपाल तिकिटे किंवा हस्तलिखिते काचेच्या कपाटात ठेवली तरी त्यांचे मोल कमी होत नाही. यंत्राचे मात्र तसे नाही, कारण यंत्राचा अर्थ त्याच्या चालण्यात असतो. जुन्या अर्धस्वयंचलित शॉटगनचा, म्हणजेच छर्ऱ्यांच्या बंदुकीचा, संग्रह हे याचे बोलके उदाहरण होय. अशा बंदुकीचे जतन तिच्या यंत्रणेच्या ज्ञानाशिवाय होऊ शकत नाही, हे ब्राउनिंग ऑटो-५ च्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकन शस्त्रसंशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) यांनी या बंदुकीचा आराखडा १८९८ च्या सुमारास तयार केला व १९०० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. विंचेस्टर कंपनी संशोधन एकरकमी विकत घेत असे. ब्राउनिंग यांना विक्रीवर स्वामित्वधन हवे होते. बोलणी फिसकटली. त्यानंतर ते रेमिंग्टनकडे वळले. परंतु जानेवारी १९०२ मध्ये त्या कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे आकस्मिक निधन झाले. अखेर बेल्जियममधील हर्स्टाल येथील फाब्रिक नासिओनाल या कारखान्याने निर्मिती स्वीकारली. पुढे १९०५ पासून रेमिंग्टननेही परवान्याने हीच बंदूक बनवली. ती 'मॉडेल ११' या नावाने ओळखली जाते. १९७० च्या दशकात निर्मिती जपानच्या मिरोकू कारखान्याकडे गेली व १९९० च्या दशकाअखेर ती थांबली.

यंत्रणेचे स्वरूप :
बार उडताच नळी व तिला जखडलेला बोल्ट हे दोन्ही एकत्र मागे सरकतात. हे सरकणे काडतुसाच्या लांबीहून अधिक असते. मागे पोहोचल्यावर बोल्ट अडकून राहतो व स्प्रिंगच्या जोराने नळी एकटीच पुढे जाते. त्या वेळी रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग बोल्ट सुटतो आणि नवे काडतूस नळीत भरतो.

नळीचा हा वेग आवरण्यासाठी स्प्रिंगसोबत घर्षणाची व्यवस्था असते. तीत काशाचा एक तुकडा व पोलादी कडे असते. भारी काडतुसांसाठी हे कडे स्प्रिंगच्या पुढे, काशाच्या तुकड्यालगत बसवतात. हलक्या काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या मागे ठेवतात. रचना हलक्यासाठी आणि काडतूस भारी असेल, तर नळी आदळते व हातखालचे लाकूड तडकते. याउलट झाल्यास नळी पुरेशी मागे येत नाही व नवे काडतूस भरलेच जात नाही. म्हणूनच जाणकार संग्राहक नक्षीकाम पाहण्यापूर्वी पुढील लाकूड काढून कड्यांची मांडणी व लाकडाच्या भेगा तपासतो. त्या भेगा म्हणजे पूर्वीच्या मालकाच्या अज्ञानाची नोंदच असते.

संग्राहकापुढील प्रश्न :
पहिला प्रश्न दारूगोळ्याचा आहे. १६ गेजच्या अनेक जुन्या बंदुकांचा कक्ष ६५ मिलिमीटरचा असून आजची काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. तसेच अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशव्यापी बंदी आहे आणि पोलादी छर्रे जुन्या बेल्जियन नळ्यांना मानवत नाहीत. बिस्मथसारखे मऊ छर्रे हा त्यावरील एक पर्याय होय.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा आहे. झिजलेली स्प्रिंग बदलल्यावाचून बंदूक सुरक्षितपणे चालवता येत नाही. मात्र मूळचा रंग व पृष्ठभाग घासून नवा केल्यास तिचा इतिहासच पुसला जातो. बदललेला मूळ भाग बंदुकीसोबत जपून ठेवणे हा यातील व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो.

तिसरा प्रश्न मर्यादेचा आहे. ब्राउनिंग यांची पेटंटे टाळण्यासाठी विंचेस्टरने 'मॉडेल १९११' मध्ये बोल्टचा दांडाच ठेवला नाही. नळी हाताने मागे ओढावी लागे. काही जण दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबत. त्यामुळे तिचे तोंड स्वतःच्याच चेहऱ्याकडे येई आणि अपघात घडत. अशी बंदूक संग्रहात अवश्य असावी, पण ती चालवू नये.

कायद्याच्या दृष्टीनेही ही शस्त्रेच आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ पर्यंत निर्माण झालेली बंदूक पुराणवस्तू गणली जाते. ऑटो-५ ची निर्मिती त्यानंतरची असल्याने तिला ही सवलत लाभत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या छंदातील आनंद समजून घेण्यात आहे. कड्याची जागा कोणती, हे सांगणारा जाणकार उरला नाही, तर बंदूक शाबूत राहूनही तिचे यंत्रपण हरवेल. यास्तव वस्तूसोबत तिच्या वापराचे ज्ञान पुढील पिढीकडे सोपवणे, हे संग्राहकाचे खरे उत्तरदायित्व होय.